मटणाचा ट्रे आणि चौदा पुस्तकं

नाही, पण मी म्हणते, माणसाला मटणाचा ट्रे हवा असेल तर त्याच्या हातात पुस्तकांचं खोकं देतात होय? चौदा पुस्तकं! मोजून चौदा! आणि वर अख्खा क्लब टाळ्या वाजवतोय, आणि मी आपली लेकीला, आयव्हीला, कडेवर घेऊन उभी, तिचा दात येत होता, ती माझा खांदा चावतेय, आणि माझे डोळे त्या ट्रेवर... सहा चॉप्स, दीड किलो सॉसेज, एक अख्खी तंगडी, कडेनं हिरव्या पाल्याची नक्षी... आणि ट्रे चालला कुणाच्या हातात? मिसेस ट्रॅव्हिसच्या! औषधाच्या दुकानवाल्या! जिनं अकरा वर्षांत मटणाला बोट लावलेलं नाही! आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

म्हणजे चुकलं, तिकिटाचा रंग चुकला. आमच्या कुलगारा गावच्या बोलिंग क्लबात दर रविवारी दुपारी मटणाच्या ट्रेची सोडत असते, तिकीट गुलाबी. पण जानेवारीतल्या एका रविवारी दुसरीही सोडत असते, तिकीट पिवळं. कारण गावात एका लोकरवाल्याची म्हातारी विधवा होती, ती जाताना मृत्युपत्रात लिहून गेली की वर्षभरात या देशातली जी पुस्तकं स्पर्धेला येतील त्यातलं सगळ्यात चांगलं कुलगारानं निवडायचं आणि मोठं बक्षीस द्यायचं. परीक्षक पाच. चार शिकलेले, आणि पाचवा सोडतीतून निघालेला, ‘ज्याचे हात कामानं खरखरीत झालेत असा’. म्हातारीला दुसरा उद्योग नव्हता! आणि मिसेस ट्रॅव्हिसला परीक्षक व्हायची इतकी हौस, इतकी हौस, की बाईनं चाळीस पिवळी तिकिटं घेतली आणि एक गुलाबी, क्लबाला मदत म्हणून. मी घेतलं एकच. आयव्ही रडत होती, मी न बघता पैसे दिले, न बघता तिकीट पर्समध्ये टाकलं. पिवळं!

मी लगेच म्हटलं, "बाई, आपण बदलून घेऊ या." मिसेस ट्रॅव्हिस ट्रेसकट धावत आली की हो! पण आमच्या सासूबाई मधे. नोरीन. चोवीस वर्षं गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आणि या परीक्षकांच्या अध्यक्ष. चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "मृत्युपत्र म्हणजे मृत्युपत्र. मिसेस ट्रॅव्हिस, तुमचे हात दाखवा." त्या बिचारीनं हातमोजे काढले. कसले मऊ हात हो! संपलं.

मग सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ब्रॉन, घाबरू नकोस. ते वाचायबिचायचं मनावर घेऊ नकोस. ऑगस्टात बैठक आहे. चांगला फ्रॉक घाल, माझ्या शेजारी बस, मी मान डोलवली की तूही डोलव."

डोलव! मी काय दुकानातलं खेळणं आहे?

तुम्हाला सांगते, ते माझ्या मनाला लागलं. मी सातवी शिकलेली, नाकबूल कशाला करू? माझे वडील लोकर कातरायला या शेडवरून त्या शेडवर, आणि आम्ही त्यांच्या मागे ट्रकमध्ये. धडे पोस्टानं यायचे. सातवीपर्यंत आले, मग पोस्टाला आमचा पत्ता सापडेना. पण उद्या ही आयव्ही शाळेत जाईल, वही घेऊन येईल, "आई, हे काय गं?" विचारेल, आणि मी काय म्हणू? थांब, आजी मान डोलवते का बघते? मी ठरवलं, चौदाच्या चौदा वाचायची, आणि त्या टेबलाशी एकदा तरी तोंड उघडायचं. एक वाक्य. पण माझं.

आता वाचायची कधी? मार्चमध्ये कातरणीचा हंगाम लागला. माझा नवरा कोल लोकर कातरतो आणि मी त्याच टोळीची स्वयंपाकीण, अकरा माणसं, पाच वेळचं खाणं, आणि आयव्ही टोपलीत. पहिल्या दिवसापासून मला धास्ती. मेंढरांची धूळ तिच्या छातीत गेली तर? माशी नाकात गेली तर? झोपली की वाटतं का झोपली, जागी असली की वाटतं का झोपत नाही! आणि पोरगी माझा आवाज चालू असेल तरच झोपणार. गप्प बसले की डोळे टक्क. आणि मला वाचता येतं ते मोठ्यानंच, ओठांशिवाय माझं वाचन चालत नाही. मग मी काय केलं, साडेनऊला चहाची सुट्टी होते, तेव्हा शेडवर चहाची किटली आणि पाव पोचवायचा, टोपली लोकरीच्या गठ्ठ्यावर ठेवायची, आणि कोपऱ्यात बसून तिला वाचून दाखवायचं. आठ महिन्यांच्या पोरीला! यात माझं काय चुकलं?

पण शेडमध्ये बाई येणं म्हणजे... कातरणाऱ्यांची जुनी खूण आहे, बाई दिसली की पहिला बघणारा ओरडतो, "तळ्यात बदकं!" म्हणजे शिव्या बंद, शर्टाची बटणं लावा. मी चहा ठेवून परत जाईपर्यंत बिचारे तोंड मिटून बसायचे. आता मी अर्धा तास बसून राहायला लागले! अर्धा तास शिव्यांशिवाय! दुसऱ्या दिवशी टोळीतला म्हातारा स्नोई कोलला म्हणतो, "अरे, तुझ्या बायकोला सांग, दम कोंडतो आमचा."

कोल मला म्हणाला, "अगं, जरा लवकर निघत जा की."

मी म्हटलं, "आयव्ही झोपली की निघते."

पहिलं पुस्तक वाचत होते. त्यात एक माणूस खिडकीशी उभा असतो आणि विचार करत असतो. सोमवारी उभा, मंगळवारी उभा. बुधवारी स्नोईनं कप खाली आपटला. "ए पोरी! तो गडी अजून खिडकीतच?"

"हो."

"तीन दिवस? पगारी?"

सगळी शेड हसली. आयव्ही जागी झाली. पण तुम्हाला सांगते, गुरुवारी मी किटली घेऊन आले तर दारातूनच कुणीतरी ओरडलं, "खिडकीवाला बसला का गं?" म्हणजे ऐकत होते की नाही मेले?

मग काय, रोजचंच झालं. दुसऱ्या पुस्तकात एक घोडा मरतो, तर त्यांचं म्हणणं, लिहिणाऱ्यानं घोडा कधी जवळून बघितलेला नाही, लगाम उलटा लावलाय. तिसऱ्यातली नायिका वीस पानं अंघोळ करते, तर स्नोई म्हणतो, "एवढं पाणी कुठून आणलं?" चौथं त्यांना आवडलं, पाचवं अर्ध्यात सोडायला लावलं, ते मी रात्री एकटीनं पुरं केलं, सहावं कवितांचं, त्याचं एक पान आयव्हीनं खाल्लं. खाल्लं हो! शाई विषारी असली तर? मी मेंढरांच्या मालकाच्या घरी पळत गेले, फोनवर दवाखान्यातल्या नर्सला गाठलं.

"कुठल्या पुस्तकाचं पान?"

"कवितांचं."

"किती ओळी होत्या?"

"चार."

"मग काही होत नाही. पाणी पाज."

मे महिन्यापर्यंत शेडमधला ओरडा बदलला होता. मी लांबून दिसले की "तळ्यात बदकं" नाही, "पुस्तक आलं!" आणि भराभर बटणं लावून सगळे भिंतीशी.

आता ऐका, हे महत्त्वाचं. अकरावं पुस्तक बारीकसं होतं, दीडशे पानांचं. उत्तरेकडे मासळी भरायच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका बाईनं लिहिलेलं, तिचं नाव कुणी ऐकलेलं नाही. गोष्ट एवढीच, पूर येतो, घर वाहून जातं, आणि त्या घरातली बाई नदीच्या काठाकाठानं खाली खाली चालत निघते, घराचं दार शोधायला. दारच का? तर त्या दारावर तिनं पेन्सिलीनं मुलांची उंची लिहिलेली असते, दर वाढदिवसाला एक रेघ. त्यातला एक मुलगा आता नसतो. त्याच्या सातच रेघा. झालं, एवढंच. ती गावोगाव विचारत जाते, माझं दार बघितलंत का? कुणी हसतं, कुणी जेवायला घालतं, कुणी दुसऱ्याचंच दार दाखवतं.

मी वाचतेय आणि शेडमध्ये चहाचा घोट ऐकू येतोय, इतकं शांत. ती एका कोंबड्यांच्या खुराड्याशी येते, खुराड्याची मागची फळी ओळखीची वाटते, ती वाकते, हातानं शेण पुसते... आणि टण्! टण्! टण्! घंटा.

आता घंटा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं का? शेड घंटेवर चालते. दहा म्हणजे दहा. सुट्टीची घंटा झाल्यावर राहिलेला एक कट मारायला कुणी थांबला तर एक वेळ चालेल, पण कामाच्या घंटेला कातरायचं मशीन हातात नाही असं माझ्या वडिलांच्या हयातीत झालं नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा कोल घंटेला उठला होता! आणि त्या दिवशी घंटा झाली... आणि कुणी उठलं नाही.

एकही नाही. मी वर बघितलं. घंटेची दोरी हातात धरून आमचा मुकादम लेस उभा, तोंड लालबुंद. मी म्हटलं गेली नोकरी! मी पुस्तक मिटायला लागले, तर तो खेकसला, "मिटतेस काय? पुसलं ना शेण? पुढे?"

चार मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं मी, चार मिनिटं शेड बंद होती, आणि बाहेर मेंढ्या ओरडतायत. आता मला सांगा, यात माझं काय चुकलं?

ऑगस्ट आला. बैठक लायब्ररीत. मी चांगला फ्रॉक घातला, आयव्ही मांडीवर. एका बाजूला वकील पेंडर आणि डॉक्टर, दुसऱ्या बाजूला पाद्रीबाबा, मधे सासूबाई. त्यांच्यापुढे एक जाडजूड पुस्तक, आठशे पानी, शहरातल्या कुणा मोठ्या माणसाचं, त्यात या देशाचा सगळा इतिहास आणि वर थोडं ग्रीस. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या मते हेच. पाद्रीबाबा?" पाद्रीबाबांनी मान डोलवली. पेंडर आणि डॉक्टरांना दुसरंच हवं होतं, तेच ते, खिडकीवाल्याचं! "काय शांतता आहे त्यात," पेंडर म्हणतात. दोन आणि दोन. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाईंनी माझ्याकडे बघून हळूच मान डोलवली.

तुम्हाला सांगते, माझी मान डोलणारच होती. अर्धी खाली गेली होती! तेवढ्यात आयव्हीनं टेबलावर थाप मारली, आणि माझं तोंड उघडलं. "नाही," मी म्हटलं. "अकरावं."

पेंडर म्हणाले, "कारण सांगाल का, बाई?"

कारण! आता कारण कुठून आणू? रचना, शैली, ते शब्द मला येत नाहीत. मी म्हटलं, "घंटा झाली आणि कुणी उठलं नाही."

पेंडर डॉक्टरांकडे बघायला लागले. पण सासूबाई! चोवीस वर्षं मुख्याध्यापिका असल्या तरी त्या मुळात कातरणाऱ्याची बायको. कोलचे वडील चाळीस वर्षं घंटेला उठले. चष्मा नाकावरून घसरला त्यांचा. "लेसच्या शेडवर?"

"हो."

"किती वेळ?"

"चार मिनिटं. मुकादमासकट."

"काय आहे त्यात?" मी दाराचं सांगितलं. रेघांचं सांगितलं. सातच रेघांचं सांगितलं. मग त्या जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, "मग... सापडतं का दार?"

मी म्हटलं, "नोरीन, तुम्ही वाचलं नाहीत?"

"मी प्रत्येकाची दहा पानं वाचते," सासूबाई म्हणाल्या. "माणसाला अंदाज येतो."

पेंडर छताकडे बघायला लागले. डॉक्टर आपलं घड्याळ. पाद्रीबाबा एकदम आयव्हीशी खेळायला लागले. तुम्हाला सांगते, चौदाच्या चौदा वाचलेलं त्या टेबलाशी एकच माणूस होतं, आणि ते सातवी शिकलेलं होतं! म्हणजे दोन म्हणा, आयव्हीनं तर एकाचं पान पचवलंसुद्धा होतं.

"सापडतं का, ब्रॉन?"

मी पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. "पान एकशे बारा. वाचा."

त्यांनी वाचलं. तिथंच, सगळ्यांसमोर. एकशे बारा, एकशे तेरा, एकशे चौदा... मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. म्हणाल्या, "या लायब्ररीत धूळ फार झालीय." आणि मग शाळेतल्या आवाजात, "अकरावं. हात वर."

पाचही हात वर. आयव्हीचा धरून सहा.

रेडिओवर बक्षीस मिळालेल्या त्या बाईचं नाव सांगितलं तेव्हा आम्ही शेडवर होतो. स्नोई म्हणाला, "माझं कधीपासूनचं हेच म्हणणं होतं."

झालं, एवढं सगळं झालं, मी खूश, मी मोकळी. यंदाच्या जानेवारीत क्लबात गेले आणि ठरवून, उजेडात धरून, एकेक तपासून, बारा गुलाबी तिकिटं घेतली. कोलकडून तपासून घेतली. पिवळ्याला बोट लावलं नाही! मटणाच्या ट्रेची सोडत झाली... मिसेस ट्रॅव्हिस! तिनं यंदा साठ पिवळी घेतली होती आणि मदत म्हणून एकच गुलाबी! मी म्हटलं जाऊ दे, निदान निघू तरी. तर माइकवरून सासूबाईंचा आवाज, "आणि पाचवे परीक्षक... ब्रॉन!"

मी ओरडले, "अहो, मी तिकीटच घेतलं नाही!" मागे वळून बघितलं तर भिंतीशी अकराच्या अकरा उभे, स्नोई, लेस, माझा नवरासुद्धा, शर्टाची बटणं लावून, छताकडे बघतायत. मेल्यांनी माझ्या नावावर तीनशे पिवळी तिकिटं घेतली होती! स्नोई जवळ आला, खोकं उचलून गाडीत ठेवलं आणि विचारतो कसा, "पोरी, पहिलं कुठलं काढतेस?"

यंदा पुस्तकं एकोणीस आहेत. आता सांगा, यात माझं काय चुकलं?

काय करणार... घरी आलो, मी एक पुस्तक उघडलं, मटण कुठलं, कोलनं अंडी उकडायला ठेवली.