चढताना कुणी दाखवलं का?

…न्हाय, पण मला एक सांगा, पिक्चरमधी चढताना कुणी दाखवलं का? न्हाय दाखवलं. तंबूतल्या पडद्यावर गोरे सायेब पायाला फळ्या बांधून पांढऱ्याफेक डोंगरावरनं सुर्रकन खाली येतात, मडमा हसतात, की लगेच दुसरा सायेब वर हजर… आता हा वर गेला कवा, कसा, कुणाच्या गाडीत? कोण इचारतंय! आमच्या अख्ख्या लोहारा गावाला वाटलं, सायेबाच्या मुलखात माणूस नुसता उतरतो.

निजामाचं राज्य, बाजारचा दिवस, मोठ्या खेळाआधीची ती छोटी रीळ, आन आमचे लालमहंमद पिंजारी सगळ्यात पुढं बसलेले. जन्म खांद्यावर पिंजण घेऊन कापूस पिंजण्यात गेलेला. पडद्यावर पांढरं दिसलं की भर तंबूत उठून म्हणाले, "कापूस हाय. लई झ्याक पिंजलाय." पिक्चरचा मशीनवाला म्हणाला, "चाचा, बर्फ हाय त्यो." "बर्फ? मग भुसा कुठाय?" आता बोला! तुम्हाला सांगतो, आमच्याकडं बर्फ यायचा उरसाच्या सरबताला, गोणपाटात, लाकडाच्या भुश्यात गुंडाळून. भुश्याबिगर बर्फ कुणी बघितला होता? सगळा तंबू म्हणाला, व्हय की, भुसा न्हाय.

एकटा गुरुसिद्धप्पा हसला. कापसाचा व्यापारी, स्वतःची वखार, हैदराबाद बघून आलेला. म्हणाला, "कापसावर माणूस घसरतोय व्हय? रुतंल की. ज्याला कापूस वळखंना, त्यानं पिंजण खुंटीला टांगावं." झालं. लालमहंमदांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आप्पा, उद्या तुमच्याच वखारीत, तुमच्याच कापसावरनं घसरून दावतो. न्हाय घसरलो तर पिंजण खुंटीला, जन्मात हात लावणार न्हाय." "आन घसरलास, तर ह्या बाजारात कापसाबाबत शेवटचा शब्द तुझा."

घरी हमिदाबींनी कपाळाला हात लावला. "पिंजन टंग्या तो खाना कां से, जी?" पण नवऱ्याच्या डोळ्यापुढं मडमा हसत होत्या ना…

सकाळी वखारीत मुंगीला वाट न्हाय. आढ्याला टेकलेला कापसाचा ढीग. गुरुसिद्धप्पाच्याच दुकानाच्या दोन फळ्या, सुतळी आन काठ्या घेऊन लालमहंमद शिडीनं वर गेले. कसे गेले? कुणी बघितलंच न्हाय! सगळे उतरायची वाट बघत बिड्या ओढत बसलेले. पिक्चरनं डोळ्याला सवयच तशी लावली, त्याला कोण काय करणार?

वर उभं राहून त्यांनी फळ्या बांधल्या, अल्लाचं नाव घेतलं, काठ्या टेकल्या… आन गुडघ्यापातूर रुतले. गुरुसिद्धप्पा भिंतीवरच्या खुंटीकडं बघून मिशीत हसला, हमिदाबींनी पदर तोंडाला लावला. तसे लालमहंमद पेटले. रागारागानं तिथंच थयथय नाचायला लागले, आन ढिगाचं पोट जे फुटलं म्हणता… निम्मा कापूस घेऊन गडी सरळ उभा खाली, वखारीच्या दारातनं बाहेर, थेट रस्त्यावर! पडले न्हाईत हो, अजिबात न्हाईत. उभेच. लोकांनी फळ्यांसकट खांद्यावर घेतलं, ताशा वाजला, पोलीस चौकीतले अमीनसायेब सुदिक उठून टाळ्या वाजवायला लागले. लालमहंमद वरनं म्हणतात कसे, "कापूसच हाय." आन त्या दिवसापास्नं अख्ख्या तालुक्यात सायेब कापसावरच घसरतो, कुणाची टाप न्हाय दुसरं म्हणायची.

गुरुसिद्धप्पानं भर बाजारात हात जोडले. "शब्द तुझा, लालमहंमद. पण रस्त्यावर पडलेला कापूस माझा. ह्यो परत वर कोण न्हेणार?"

मागं वळून बघतात तर खांद्यावर घेणारे गायब. ताशावाला गायब. एकट्या हमिदाबी उभ्या, हातात टोपली. "उतरे ना जी? अब चढो."

दिवस मावळंस्तोवर चढत होते बिचारे. शिडी, टोपली, शिडी, टोपली. बघायला कुत्रं सुदिक न्हाय. म्हणून तुम्हाला सांगतो, तो गोरा सायेब पण टोपली घेऊन असाच चढत असणार… फक्त तवा मशीन बंद असतं.