करडईवरचा मावा

चौऱ्याहत्तरचा पौष. बदनापूर स्टेशनात पॅसेंजरची वाट बघत होतो. मागच्या बाकड्यावर एक नवरा-बायको बसलेले. तिच्या मांडीवर माव्याच्या किडीनं काळी पडलेली करडईची फांदी.

“फेक ती फांदी आता. शेतकीच्या साहेबांनी फवारायचं औषध लिहून दिलं ना?”

“ऱ्हाऊ द्या. आत्याबाईला दाखवायची.”

“काय दाखवतीस?”

“साहेब काय म्हनले ते. ह्या समद्या माद्याच हायेत. नर लागतच न्हाई. एकली मादीच पिल्लं देती, अन् त्या पिल्लाच्या पोटात बी पिल्लू असतंय.”

“मंग?”

“मंग मावा माझ्या हातानं न्हाई आला. वांझोटीनं तिफणीमागं बी सोडलं म्हून पडला, असं साऱ्या गावात सांगून राह्यल्यात त्या.”

“आईला न्हाई पटायचं, सगुणा.”

“न्हाई पटलं तर न्हाई. पर माघात मंठ्याहून तुमची नवी येऊन राह्यली. पुढल्या साली तिफणीमागं तीच बी सोडील. मावा पडला तर तिला बोल लावू नका.”

“तिला कामून कोन बोल लावील? तिला लेकरं व्हतील.”

“जालन्याच्या दवाखान्यात मला दोनदा तपासलं. दोन्ही बारीला डाक्टरीन म्हनली, बाई, तुझ्यात काई खोट न्हाई, आता मालकाला आत आन. तुमी भाईर बाकड्यावरच बसून व्हते.”

“गाडी आली. ऊठ.”

“उठते. फांदी धरा जरा. हळू धरा, समद्या लेकुरवाळ्या हायेत.”