एवढेच शब्द शिकवा

— नाही, आत नका जाऊ अजून. बसा इथेच, स्वयंपाकघरात. तुमची ती चित्रांची पाकिटं राहू द्यात पिशवीत. मला आधी दोन शब्द बोलायचेत, आणि ते यांच्यासमोर नाही बोलवणार. म्हणजे समोर बोललं तरी यांना काय कळणार म्हणा — पण बरं नाही वाटत. चहा घ्या. तर मागच्या वेळी तुम्ही म्हणालात ना, की यांचा आवाज फुटतोय, ओठ वळायला लागलेत, रोज सराव केला तर वाक्यं बोलतील — केवढ्या आनंदाने सांगितलंत! मी हसले तेव्हा. तुमचं मन कशाला मोडा, म्हणून हसले. मॅडम, वाक्यं नकोत. पाणी, चहा, उशी, दुखतंय — एवढेच शब्द शिकवा आणि थांबा.

अहो, असं बघू नका माझ्याकडे! नवऱ्याच्या जिवावर उठलेली बाई नाही मी. यांचं अंग मी पुसते, कूस मी बदलते, माझीच कंबर धरलीय. पण यांचं बोलणं तुम्ही ऐकलेलं नाही, मी ऐकलंय. सायकल दुरुस्तीचं दुकान होतं यांचं, आणि दुकान कसलं, गावभरच्या पुढाऱ्यांचा अड्डा. हे एका बाजूचे, अगदी हाडाचे. पण समोरच्या बाजूचा कुणी पंक्चर घेऊन आला की म्हणायचे, "या, बसा. तुमचं सगळंच चुकतंय, पण चाक तेवढं माझ्याकडे द्या." तो हसायचा, हे हसायचे, मग तास तास वाद — पण कधी अरे-तुरेवर आले नाहीत. लोक म्हणायचे, भांडावं तर या माणसासारखं. आणि घरात? घरात पोरगा एवढंच म्हणाला, की बाबा, मला तुमचं पटत नाही — तर ताट सरकवून उठले. मी विचारलं, अहो, परक्याला अहो-जाहो आणि पोटच्या पोराशी असं का? तर म्हणे, परक्याचं मत परक्यापाशी, पोराने तसं म्हणणं म्हणजे मी जन्मभर झक मारली. घ्या!

पोरगाही काही गरीब गाय नाही हं. बापाचंच नाक, बापाचीच जीभ. औषधाच्या दुकानात दिवसभर उभा राहतो, गिऱ्हाइकाशी कसा लोण्यासारखा — आणि घरी आला की कुऱ्हाड. त्या दुसऱ्या बाजूच्या मोर्च्यात झेंडा धरून पुढे चालला, फोटो आला पेपरात, आणि तो यांना कुणी दाखवावा? एका गिऱ्हाइकाने, दुकानात, चार माणसांत. त्या दिवशी जेवताना हे त्याला म्हणाले, गद्दार. सुनेसमोर, नातीसमोर. एकदा म्हणून थांबतील तर हे कसले — तो बायको-पोरीला घेऊन जिना उतरेपर्यंत कठड्यावरून ओरडत होते, गद्दार, गद्दार. तोही खालून ओरडला, "तुम्ही मेलात तरी यायचा नाही." गडबडीत नातीचा एक बूट इथेच राहिला. मी तो धुऊन ठेवला. किती वर्षं! आता अंगठाही जायचा नाही तिचा त्यात.

आणि मग हा झटका. आला हो पोरगा! मरेपर्यंत नाही थांबला, त्याआधीच आला. यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि मला माझा पोरगा परत मिळाला — आता देवाचे आभार मानू की त्याला शिव्या देऊ, तुम्हीच सांगा. रोज कामावरून सरळ इथे येतो. यांची दाढी करतो, हनुवटी अशी दोन बोटांत धरून. मग पेपर वाचून दाखवतो. दोन आणतो. आधी यांच्या बाजूचा — ज्याचं नाव काढलं तरी याच्या कपाळाला आठ्या पडायच्या, तो सबंध वाचतो, एक टोमणा नाही — आणि मग स्वतःच्या बाजूचा. मध्ये मध्ये विचारतो, "तुम्हाला काय वाटतं, बाबा?" मी दारात उभी राहून ऐकते. जन्मात कधी इतकं आदराने बोलला नव्हता. समोरून उत्तर यायची भीती नसली की आदर करणं सोपं जातं, नाही का? हे आपले मान हलवतात. स्वतःच्या पेपरला हलवतात, पोराच्या पेपरलाही तशीच. म्हणून तर म्हणते, काही पोचत नाही आत. कळत असतं तर त्या पेपरला मान हलवली असती? तो पेपर हे हाताचं ग्रीस पुसायलासुद्धा घेत नव्हते. पण पोराला वाटतं, बाप ऐकतोय. वाटू दे. गेल्या रविवारी तर नातीलाही घेऊन आला.

आणि तुम्ही यांना वाक्यं देणार. पहिलं वाक्य काय येईल, मी लिहून देते!

सराव… नाही, थकत नाहीत ते. थकतात म्हणून सराव होत नाही, हे मी तुम्हाला खोटं सांगत होते. तुम्ही सरावाला दिलेली चित्रं मी कपाटात टाकली. हे डाव्या हाताने कपाट दाखवायचे, दाखवतच राहायचे, मी म्हणायची, काय, पाणी हवंय? आणि पाणी पाजायची. हं. आणि त्या रविवारी — आता बोललेच आहे तर ऐका. पोराचा आवाज आला जिन्यात, नातीचा आला, आणि हे उठून बसायला धडपडले आणि बोलले. स्पष्ट, मॅडम. गद्दार. पुन्हा, गद्दार. डोळ्यांतून धारा, आणि तोंडात तेच. मी हात दाबला तोंडावर. दोन्ही हातांनी, जोर लावून. पोरगा आत आला, मी म्हटलं, तोंड पुसतेय. तेव्हापासून यांनी हूं की चूं केलेलं नाही.

काय? रागात घोकलेला शब्दच आधी सुटतो? म्हणायचं एक असतं आणि जिभेवर ते येतं? म्हणजे — म्हणजे यांना 'ये' म्हणायचं असेल? 'बस' म्हणायचं असेल पोराला? अहो, मग हे आधी सांगायचंत ना! मला काय ठाऊक, मी अडाणी बाई —

थांबा. कळतं म्हणजे? काय काय कळतं? तुम्ही तपासलंत, पहिल्याच दिवशी? सगळं? पेपरसुद्धा?

मग त्या पेपरला मान —

आणि मी जेव्हा हात…

नाही. काही नाही. चहा राहू द्या. आज आत नको, मॅडम. तुम्ही जा. जा म्हणते ना.