रेंजची एक काडी

शुक्रवार, १२ डिसेंबर. आकाश निरभ्र, वारा गार. इथे सौदीत शुक्रवारची सुट्टी, म्हणून यान्बूहून भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन मी आणि बायको सुनंदा वाळवंटातलं ज्वालामुखीचं विवर बघायला निघालो होतो. लेक नुकतीच पुण्यात नोकरीला लागलेली. आठवडाभर मायलेकींचं बोलणं झालेलं नाही. आणि वाटेत रेंज गेली.

एका टेकाडाजवळ सुनंदा ओरडली, "थांबवा! एक काडी आली. आता तसूभरही पुढे घेऊ नका." आणि शिडीनं थेट व्हॅनच्या टपावर.

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"आज शुक्रवार ना गं?"

"सुट्टी तुम्हाला, मला नाही! संध्याकाळी करते."

ती खाली उतरली. मी किल्ली फिरवली.

"निघालात कुठे?"

"विवर बघायला."

"ते हजारो वर्षं तिथेच आहे. पुढे रेंज असेल का?"

मी किल्ली काढली, खुर्च्या मांडल्या. फोन टपावरच ठेवला, आवाज पूर्ण वाढवून. दुपारभर आम्ही हळू आवाजात बोललो.

ऊन कललं तेव्हा तो वाजला.

"आई, काय काय बघितलंत?"

"खूप. तू जेवलीस का?"

अंधार पडेपर्यंत दोघी बोलत होत्या. मुक्काम तिथेच केला. शनिवारी सकाळी व्हॅन परत दिली. विवर बघायचं राहिलं.