एका बटणाची मोहीम

संस्थेच्या अध्यक्षा आदरणीय अंबूअक्का, व्यासपीठावरच्या सर्व संचालिका, पुण्याहून मुद्दाम आलेले जाहिरात सल्लागार श्री. सौमित्र, आजच्या सत्कारमूर्ती पद्मजाताई, आणि मिरचीच्या ठसक्यात जन्म काढलेल्या माझ्या मंगळवार पेठेतल्या मैत्रिणींनो,

मी शिवलीला, आपल्या महिला मसाला संस्थेची उपाध्यक्षा. मला सांगितलंय की ताईंबद्दल चार गोड शब्द बोल. कांदा-लसूण मसाला विकणाऱ्या बाईच्या तोंडून गोड किती निघणार? तरी प्रयत्न करते.

पद्मजाताई व्यवस्थापक म्हणून आल्या तेव्हा आपल्याकडे कॉम्प्युटर होता, पण दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालायची, एवढाच त्याचा उपयोग. ताईंनी त्याचं कव्हर काढलं, टेलिफोनची वायर जोडली आणि मस्कतला खाणावळ चालवणाऱ्या भैरवीला पहिला ईमेल लिहिला. भैरवी आपल्याच पेठेतली लेक. माहेरी आली होती तेव्हा स्वतःहून पत्ता देऊन गेलेली. तिच्याकडे जेवायला केरळची माणसंही येतात, म्हणून ताईंनी तिच्यासाठी मिरची जरा हलकी ठेवली. तिनं दुबईच्या मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीनं न्यू जर्सीच्या जावेला. तिकडून पत्रं येत, ताई प्रत्येकाला उत्तर लिहीत. कोणाच्या घरी बाळंतपण, कोणाचा पांढरा रस्सा बिघडला, सगळं ताईंना ठाऊक.

तेव्हा इंटरनेट वाईट, असं म्हणायला मी इथे उभी नाही. आपला मसाला समुद्रापलीकडे त्यानंच नेला. पण कसा नेला? एकेका माणसाशी बोलून.

मग दोन हजार चार साली श्री. सौमित्र आले. माणूस बोलायला गोड, हे कबूल करायलाच हवं. बैठकीत त्यांनी एक सीडी टेबलावर ठेवली. "मॅडम, यात लाखो ईमेल पत्ते आहेत. एक बटण दाबायचं, की तुमचा मसाला लाखो घरांत!"

ताईंनी एवढंच विचारलं, "हे पत्ते त्या लोकांनी आपल्याला दिलेत का?"

"अहो मॅडम, इंटरनेटवर असं कोण विचारत बसतं?"

"मी विचारते. मला कोणी न विचारता रोज दार वाजवलं तर मी दार उघडणार नाही. उलट शेजाऱ्यांना सांगेन."

यावर आमच्या अंबूअक्का काय म्हणाल्या? रागावू नका अक्का, तुमचेच शब्द सांगते. "समदं जग कंप्युटरवर चाललंय, आणि आपणच न्हाय म्हणायचं व्हय?" मतदान झालं. विरोधात एकच हात होता, माझा. ताईंना मताचा अधिकारच नव्हता.

बटण दाबलं. पहिल्या दोन-चार दिवसांत खरोखरच ऑर्डरी आल्या. खोटं कशाला बोलू? पेढे वाटले. दिवाळी तोंडावर होती. 'आता पूर येणार' म्हणून संकेश्वरी मिरचीची पोती उतरवली, चिमणाबाईनं आणि तिच्या जोडीच्या बायकांनी रात्रंदिवस कांडप केलं.

पूर आला, पण शिव्यांचा. 'माझा पत्ता तुम्हाला दिला कोणी?' इथपासून ते इथे माईकवर सांगता येणार नाही इथपर्यंत. ताई प्रत्येकाची माफी मागत बसल्या. आठवडा उलटला नाही तोच आपल्याला ईमेलची सोय देणाऱ्या कंपनीनं तक्रारींना कंटाळून आपलं खातं बंद केलं. आणि नेमकं त्याच बंद पेटीत आपल्या जुन्या, हक्काच्या गिऱ्हाइकांची पत्रं जाऊन आपटत होती. ती आपल्याला मिळत नव्हती, आणि त्यांना वाटत होतं, कोल्हापूरवाले शेफारले.

ताईंनी टेलिफोन उचलला. भैरवीला लावला तेव्हा मी शेजारी बसले होते. पलीकडून ती म्हणाली, "ताई, किती पत्रं धाडली की ओ! तुम्हीबी बोलायचं बंद केलं व्हय? दिवाळीला गर्दी हाय, मी दुसरीकडनं मसाला घेतला. वर्षाचं बोलून बसले."

ताई म्हणाल्या, "बरोबर केलंस. जेवायला आलेली माणसं खोळंबून कसं चालेल?" फोन ठेवला आणि पदरानं चष्मा पुसत बसल्या.

काही गिऱ्हाइकं परत आली. भैरवी नाही आली. दिवाळी सरली, आणि कुटलेला मसाला पडून राहिला. चिमणाबाई मला म्हणाली, "आक्का, डबा उघडला तरी वास येत न्हाय आता." पुढं कांडपच बंद राहिलं, आणि या सभागृहातल्या निम्म्या चुली त्या कांडपावर चालतात, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?

श्री. सौमित्र यांचं म्हणणं, विक्री झाली नाही तरी नाव झालं. झालं खरं! आणि संचालक मंडळानं काय ठरवलं? ताईंनी उत्तरं द्यायला उशीर केला, म्हणून मोहीम फसली. आता दुसरी मोहीम, मोबाईलवरच्या मेसेजची. ताईंनी श्री. सौमित्र यांच्या हाताखाली काम करायचं. ताईंनी राजीनामा दिला. आणि आपण टाळ्या वाजवायला जमलो आहोत. संस्थेनं त्यांना दोन्ही अर्थांनी नारळ दिला आहे, मैत्रिणींनो.

परवा मी त्यांना म्हटलं, "ताई, भांडा की! मी आहे." त्या म्हणाल्या, "शिवलीला, मी भांडून थकले नाही गं. न ऐकणाऱ्यांना समजावून थकले." वारणानगरला लेकीकडे राहायला जाताहेत. जावं त्यांनी. सुखानं राहावं.

माझं बोलणं लांबलं, चहा निवला, अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर मोठ्या मनानं पदरात घ्या. मात्र एक आधीच सांगते, म्हणजे नंतर गोंधळ नको. यानंतर माझ्या हस्ते श्री. सौमित्र यांना शाल घालायची आहे, असं सूत्रसंचालकांनी मला आत्ता इथे आल्यावर कळवलं. पाहुणे, तुम्ही कोल्हापुरात आलात, जेवून जा. शाल माझ्या हातून होणार नाही.