टाइप केलेली जन्मवेळ

—नाही नाही, ते गेम खुशाल काढा, विचारत बसू नका, कॉम्प्युटर दुरुस्त करायलाच बोलावलंय तुम्हाला. भाचरं सुट्टीत येतात, कुणाकुणाच्या फ्लॉपीतून काय काय टाकून जातात, आणि मग मशीन चालू करून चहा ठेवावा तर चहा पिऊन होतो तरी याचं आपलं चाललेलंच. व्हायरस पण त्यातनंच आला म्हणता? येणारच. ते टायपिंग शिकवणारं पण काढा, कोण वापरतंय? आणि ते खालचं—पत्रिका जुळवायचं—ते पण. हो, नक्की. बाबांचं आहे, पण काढा. त्यांनी विचारलं तर सांगा, व्हायरस त्यातच होता. असेलच की, तेही कुणाकडून कॉपी करूनच आणलेलं.

घाई कसली? अहो, आहे घाई. बाबा पेन्शनच्या कामाला ठाण्याला गेलेत, पाचपर्यंत येतील, आणि आल्या आल्या त्र्यंबकची पत्रिका यात घालणार. त्र्यंबक म्हणजे आमच्या बँकेतला—सहा वर्षं शेजारच्या टेबलाला बसतो, आता कुठे धीर करून आईला पाठवलं त्याने. आणि हे मशीन सांगणार, हेमाला कडक मंगळ, मुलाला नाही, जमत नाही. झालं. बाबांचा माझ्यापेक्षा यावर विश्वास. हसताय तुम्ही. मला पण हसू यायचं आधी.

कारण मंगळ नाहीच आहे मला. मीच घातला. माझी मूळ पत्रिका ठाण्याहून डोंबिवलीला बिऱ्हाड हलवताना हरवली, जन्मवेळ तेवढी आईला पाठ—आणि टाइप करायला कोण, तर मी. पंच्याण्णव साली ते नागपूरचं स्थळ गळ्यात पडत होतं, मला नको होतं, आणि नको म्हणायची आमच्याकडे सोय नव्हती. मग चार-पाच वेगवेगळ्या जन्मवेळा घालून बघितल्या, जिच्यात मंगळ निघाला ती ठेवली. एका स्थळापुरतं हो! बाबांनी त्याची प्रिंट काढून लॅमिनेट केली. तेव्हापासून येईल ते स्थळ परत.

काय? त्या पत्रिकेवाल्याची फ्लॉपी आहे ना, कपाटात. म्हणजे ती घातली की दहा मिनिटांत परत येतं—आणि वेळ परत विचारतं? मग काय उपयोग. बाबांना आता ती खोटीच वेळ पाठ आहे.

खरं सांगून टाकू म्हणता? सांगितलं असतं. पण आईने तो कागद वाचलासुद्धा नाही, वाचला असता तर वेळ चुकलीय हे तिला लगेच कळलं असतं; मंगळ म्हटल्यावर रडत बसली, आणि माझ्यासाठी मंगळवार धरले—तीन वर्षं, शुगर असताना. डॉक्टर ओरडले, बाबा ओरडले, ऐकलं नाही तिने. शेवटचं ॲडमिट केलं तो पण मंगळवारच. आता बाबांना जाऊन सांगू, की तो मंगळ मी—

थांबा. जिन्यात बाबाच आहेत, लवकर आले. नका काढू ते, राहू द्या. उठा तुम्ही आता, आणि त्यांनी विचारलं तर सांगा, मशीन अगदी नीट चालतंय.