दुसरी सही

गोथेनबर्गच्या इस्पितळात टूवा कॉफीच्या रांगेत उभी होती. पुढे दोन डॉक्टर बोलत होते.

"स्टेलान, हृदयतज्ज्ञांच्या संस्थेचं सभासद व्हायचंय. दोन सभासदांच्या सह्या लागतात. एकच मिळालीय, आणि उद्या शेवटची तारीख."

"म्हणून मी आठवलो? भर बैठकीत माझं निदान खोडून काढलं होतंस, हेदविग."

"त्या पेशंटच्या हृदयाची झडप गळत होती."

"गळत होतीच! आण तो अर्ज. 'अर्जदाराला कसे ओळखता?' पेन दे."

"काय लिहितोयस?"

"'हिने माझी चूक पकडली, म्हणून एक म्हातारा आजही स्कीइंग करतोय.' चालेल?"

"...चालेल."

"मग रडू नकोस. तो दालचिनीचा बन घे, शेवटचाच उरलाय."

टूवाने हसत नुसती कॉफी घेतली.